व्ही कटातून बाहेर पडताना: लांब केसांची खालची कड कशी ठरवावी

पत्र

माझं वय ३३. कॉलेजात असल्यापासून व्ही कट आहे. मधलं टोक कमरेच्या खाली चार बोटं येतं, कडेचे केस मात्र पाठीच्या मध्यापर्यंतच. टेपने मोजलं तर फरक २२ सेंमी भरला. बाळ आता १४ महिन्यांचं आहे. ते तीन-चार महिन्यांचं असताना केस मूठमूठ गळत होते, आता थांबले आहेत. पण वेणी घातली की मानेशी जाड आणि खाली उंदराची शेपटी. रोज वेणीच घालते, सणावाराला केस मोकळे सोडते. पार्लरवाली म्हणते स्टेप कट करा, भरगच्च दिसतील. धाकटी बहीण म्हणते एकदाच सरळ कापून टाक. सासूबाई म्हणतात कात्री लावलीस तर आहेत तेही जातील. वर्षभराने दिराचं लग्न आहे, तेव्हा लांब वेणी आणि गजरा हवाच. पुढे केस मांडीपर्यंत वाढवायचे आहेत. सरळ, यू की व्ही? आणि किती कापू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

तुम्ही टेपने मोजून आकडा दिलात, त्यामुळे उत्तरही आकड्यांत देता येतं. तुमच्यासाठी यू, आणि तोही उथळ: मधलं टोक आणि कडा यांत ६ सेंमीच्या आसपास फरक राहील असा. तो आज एका बैठकीत कापून मिळवायचा नाही, वर्षभरात मिळवायचा.

हिशोब असा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे चार महिन्यांत ५ आणि वर्षाला १५ सेंमी. आज फक्त मधलं टोक ७ सेंमी कापा, म्हणजे जवळजवळ तुमची ती चार बोटंच. फरक २२ वरून १५ वर येईल. त्यानंतर दर चार महिन्यांनी मधूनच ३ सेंमी कापा. कडांना वर्षभर कात्री लावायची नाही. दर खेपेला मधले केस ५ वाढून ३ जातील, म्हणजे २ सेंमी पदरात पडतील. कडेचे केस पूर्ण ५ सेंमी खाली येतील. अशा तीन खेपा झाल्या की फरक ६ सेंमी उरतो आणि मधली लांबी आजच्यापेक्षा जेमतेम १ सेंमीने कमी असते. म्हणजे लग्नाच्या सुमारास वेणी आजच्याइतकीच लांब असेल, फक्त खालपर्यंत भरलेली असेल. तिसरी खेप लग्नाच्या दोनेक आठवडे आधी उरका. अगदी आदल्या दिवशी कापायला बसू नका, चूक झाली तर सावरायला वेळ उरत नाही.

बहिणीचं म्हणणं चूक नाही, पण तुम्हाला परवडणारं नाही. २२ सेंमीचा व्ही आज सरळ करायचा तर वीतभर केस जातील आणि वर्षाची १५ सेंमी वाढ धरूनही लग्नात वेणी आजच्यापेक्षा ७ सेंमीने आखूड राहील. सासूबाईंच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. केस मुळातून वाढतात; टोक कापल्याने ते लवकर वाढतही नाहीत आणि मुळाचं काही बिघडतही नाही. पण पार्लरमध्ये 'ट्रिम' म्हणून बसावं आणि चार महिन्यांची वाढ एका फटक्यात जावी, हे खरंच होतं. त्यांची भीती तिथून आलेली असणार. कापण्याआधी आणि नंतर त्यांनाच टेप धरायला सांगा. घरात शनिवारी किंवा अमावास्येला केस कापत नसतील तर तो दिवस सोडा. चार-दोन दिवसांनी केसांचं काही अडत नाही.

आता खालची शेपटी बारीक का झाली ते आधी तपासा, कारण तिथे दोन वेगळी कारणं एकमेकांत मिसळली आहेत. पहिलं कारण कटाचं. व्ही कटात कडेचे केस आखूड असतात, वेणीत ते वरच संपतात आणि शेवटच्या वीतभरात फक्त मधले केस उरतात. दुसरं कारण बाळंतपणानंतरच्या गळतीचं. ते गळलेले केस परत आले आहेत, पण ते अजून लहान आहेत: कपाळाशी, कानशिलाशी उभे राहणारे, साधारण १० ते १२ सेंमीचे. मानेजवळचे नवे केस कमरेपर्यंत पोचायला अडीच-तीन वर्षं लागतील, कपाळावरचे पोचायला पाचेक वर्षं. हा भाग कुठलाही कट भरून काढू शकत नाही. म्हणूनच 'कापल्यावर दाट होतील' असं कुणी सांगितलं तर ते आकारापुरतं खरं मानायचं, केसांच्या संख्येपुरतं नाही.

कुठल्या कारणाचा वाटा किती, हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. मानेच्या बरोबर मध्यावरून दोन बोटं रुंदीची एकच बट वेगळी काढा. तिला मानेशी चिमटीत धरा आणि चिमूट तशीच खाली टोकाकडे न्या. ती बट कमरेपर्यंत जवळजवळ तेवढीच जाड लागली तर दोष बहुतेक व्हीचा आहे. तीच बट वाटेत निम्म्याहून बारीक होत असेल तर गळती किंवा तुटणं हे कारण आहे. तुटणं असेल तर टोकं बघून कळतं. नवा वाढणारा केस टोकाला सुईसारखा निमुळता असतो. तुटलेला केस बोथट किंवा फाटलेला असतो, आणि अनेकदा त्याच्यावर बारीक पांढरा ठिपका दिसतो.

दुसरं माप दोऱ्याने घ्या. सगळे केस मानेशी घट्ट बांधून पोनी करा आणि जाड दोरा एकदा गुंडाळून घेर मोजा. मग दर १० सेंमीवर तसाच मोजत खाली या. इथे बहुतेकींची एक चूक होते. घेर निम्मा झाला म्हणजे केस निम्मे राहिले असं वाटतं, पण केसांची संख्या घेराच्या वर्गाप्रमाणे बदलते. मानेशी घेर ८ सेंमी असेल तर साडेपाचच्या आसपास घेर भरतो तिथे निम्मे केस उरलेले असतात, आणि ४ सेंमी भरतो तिथे फक्त पाव. पाव केसांच्या खालची लांबी ही नावालाच लांबी. ती गुंता करते, अडकते, तुटते आणि वेणी होती त्याहून बारीक दाखवते. तुमची ही पाव केसांची खूण टोकापासून ७ सेंमीच्या आत आली तर पहिल्या कापणीतच काम झालं. ती १५ सेंमीवर आली तरी आज ७च कापा आणि बाकीचं पुढच्या खेपांवर सोडा. केस कमी आहेत म्हणून सगळं आजच उडवलं तर पुढच्या खेपांची कापणी धरून ते लग्नापर्यंत भरून येणार नाही.

आकारांबद्दल पार्लरमध्ये नावं सांगितली जातात, पण नावाने काहीच ठरत नाही. एकीचा यू म्हणजे दुसरीचा व्ही असतो. मोकळे केस पाठीवर साधारण २८ सेंमी रुंद पसरतात, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १४. समजा मध्य आणि कडा यांत फरक ६ सेंमीच ठेवला. व्ही असेल तर अर्ध्या वाटेवर, मध्यापासून ७ सेंमीवर, केस ३ सेंमी वर चढलेले असतात. यू असेल तर त्याच जागी ते फक्त दीड सेंमी चढलेले असतात, पुढे कडेकडे झपाट्याने चढतात. म्हणजे लांबी तीच, कडाही तेवढ्याच, पण यूमध्ये तळाशी कितीतरी जास्त केस राहतात. रोज वेणी घालणाऱ्या बाईला हा फरक शेपट्यात रोज दिसतो.

व्ही मुळातच वाईट असं नाही. केस दाट आणि जड असतील, नेहमी अंबाडा किंवा खोपा घालायचा असेल, तर निमुळतं टोक फार उपयोगी पडतं: गुंडाळताना ते आत सहज जातं, पिनेखाली दबतं. सरळ कापलेल्या केसांची टोकं अंबाड्यातून ब्रशासारखी बाहेर डोकावतात. पण तुमच्यासारखी मधूनच गळती झालेली असेल तर व्ही ती उणीव आणखी उघडी पाडतो.

सरळ कड सगळ्यात भरीव दिसते. केस विरळ आणि सरळ असतील, लांबी खांदा ते पाठीचा मध्य इतकी असेल, तर तिच्यासारखी दुसरी नाही. लांब केसांत मात्र ती सांभाळायला कठीण. मान जरा वळली, एक खांदा वर गेला की कड तिरकी दिसते. दोन महिन्यांत पुन्हा कापावीशी वाटते आणि वाढ तिथेच खर्ची पडते. केस कुरळे किंवा दाट लहरी असतील तर सरळ कडेने खाली घंटेसारखा फुगीर आकार येतो. त्यांनीही उथळ यूच घ्यावा.

स्टेप कटाला तुम्ही ठाम नकार द्या. मोकळ्या केसांना स्टेपने वरच्या भागात उठाव येतो हे खरं, पण तो उठाव खालच्या भागातून उसना घेतलेला असतो. वरची पायरी खांद्याशी कापली आणि टोक कमरेला असेल तर मध्ये ४० सेंमीचा फरक पडतो. खालचं टोक तिथेच धरून ठेवलं तरी वरची पायरी खाली यायला ३२ महिने लागतात. तोवर वेणीच्या प्रत्येक पेडातून बटा बाहेर येत राहतात. केस वाढवायचं ठरलेलं असताना हा सौदा तोट्याचा आहे. विरळ करणारी दातेरी कात्री आणि रेझर यांनाही हीच मनाई. दातेरी कात्री खालच्या कडेतले काही केस वरच कापते, आणि तुम्हाला नेमके तेच केस खाली हवे आहेत.

आता प्रत्यक्ष कापायचं कसं. पार्लरमध्ये करा किंवा घरी, नियम तेच.

कात्री फक्त केसांसाठीच ठेवलेली, साडेपाच-सहा इंची, धारदार हवी. कागदाची किंवा किचनमधली कात्री केस कापत नाही, चेपते, आणि चेपलेलं टोक थोड्याच दिवसांत फाटतं. ती कात्री पुन्हा कुणी पाकिटं उघडायला घेऊ नये म्हणून कपाटात वेगळी ठेवा. केस धुऊन पूर्ण वाळलेले असावेत, तेल नसावं, आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने आणि मग बारीक फणीने गुंता काढलेला असावा. ओला केस ताणला जातो, लहरी केस तर ओला असताना बराच लांब दिसतो. ओल्यावर ३ सेंमी कापलं तर वाळल्यावर ५ गेल्यासारखे वाटतात.

तुमची पहिली कापणी एकटीलाही जमेल, कारण फक्त टोकच कापायचं आहे. मधोमध भांग पाडा, सगळे केस मागे घेऊन मानेच्या खळग्याशी घट्ट बांधा. मग त्याखाली दर १० सेंमीवर कापडी रबर लावत जा. प्रत्येक रबर लावताना केस खाली ओढून सारखे करा आणि रबर आडवं, काटकोनात बसलंय ना ते पाहा. ऑफिसातली साधी रबरं नकोत, ती काढताना केस तोडतात. शेवटचं रबर टोकापासून बरोबर ७ सेंमीवर. आता पोनी खांद्यावरून पुढे घेतली तरी चालते. रबरं असल्यामुळे केस सरकत नाहीत. रबराच्या लगेच खाली, एकाच फटक्यात न कापता, कात्रीच्या पुढच्या भागाने थोडं थोडं कापा.

रबरं सोडलीत की मागे कडांना तिरका आणि तळाला सपाट असा आकार दिसेल, टोक छाटलेल्या व्हीसारखा. घाबरू नका, तोच यूचा पाया आहे. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर फक्त गोलाई द्यायची आहे, आणि त्याला दुसऱ्या माणसाचे हात लागतात. आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट घाला. पट्ट्या मापाच्या रेषा म्हणून कामी येतात. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा, हनुवटी जमिनीला समांतर, नजर समोर भिंतीवरच्या एका खुणेवर. कापणाऱ्याने स्टुलावर बसावं, म्हणजे केसांची कड त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. दोन-दोन सेंमी रुंदीची बट दोन बोटांत पाठीला चिकटूनच धरायची. बट पाठीपासून वर उचलली की आपोआप लेयर पडतो, म्हणजे काही केस बाकीच्यांपेक्षा आखूड होतात. मध्यापासून सुरुवात करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं पुढे जायचं. शेवटच्या खेपेनंतर, फरक ६ सेंमीवर आला की, मापं अशी जुळावीत: मध्य शून्य, मध्यापासून ५ सेंमीवर केस पाऊण सेंमी वर, ९ सेंमीवर अडीच, आणि १४ सेंमीवर म्हणजे कडेला ६. आज मात्र हे जुळवायला जाऊ नका. आज कोपरे किंचित मोडले तरी पुरे.

सगळ्यात जास्त लांबी जाते ती 'बरोबरी' करताना. डावी बाजू अर्धा सेंमी खाली वाटते म्हणून कापली, मग उजवी खाली वाटते, आणि पंधरा मिनिटांत ५ सेंमी जमिनीवर. तीन फेऱ्यांच्या वर जायचं नाही असं आधीच ठरवा. दोन्ही बाजूंचे केस खांद्यावरून पुढे घ्या, छातीशी टोकं जुळवून पाहा. १ सेंमीच्या आतला फरक असेल तर कात्री खाली ठेवा. इतका फरक भांग थोडा सरकल्यानेही दिसतो.

इंटरनेटवर दोन युक्त्या फार फिरतात, त्या तुमच्या कामाच्या का नाहीत तेही सांगतो. एक, पाठीमागे दोन भाग करून दोन्ही खांद्यांवरून पुढे घ्यायचे आणि सरळ कापायचे. पाठीच्या मध्यावरचे केस पुढे यायला जास्त वाट चालतात, म्हणून कापल्यावर तेच लांब राहतात आणि मागे पुन्हा व्ही तयार होतो. दुसरी, सगळे केस कपाळावर शिंगासारखे बांधून कापायचे. त्यात डोक्याच्या मागचे केस वाट चालून पुढे येतात, पुढचे तिथेच असतात, आणि उलगडल्यावर पूर्ण डोकाभर लेयर पडलेले असतात. मांडीपर्यंत वाढवणाऱ्यांनी हे कधीही करू नये.

पार्लरमध्ये गेलात तर टेप बरोबर न्या आणि वाक्य असं म्हणा: 'मधून ७ सेंटिमीटर, कडांना काहीच नाही, लेयर नको, केस उचलून कापू नका.' 'थोडंसं' हा शब्द वापरू नका, आणि बोटाचं पेर दाखवूनही भागत नाही. प्रत्येकीचं पेर वेगळं. कापण्याआधी शेवटच्या केसाच्या जागी ब्लाऊजवर किंवा साडीवर पिन लावून घ्या. मान खाली घालायला सांगितली तर नम्रपणे नाही म्हणा. मान खाली झुकवून कापलं की मान वर केल्यावर वरचे केस खालच्यांपेक्षा लांब लोंबतात आणि खालची कड आत वळते. आखूड बॉबसाठी ते मुद्दाम करतात, लांब केसांना तो दोष ठरतो.

दोन कापण्यांच्या मधल्या काळात दुतोंडी केस शोधून काढत राहा. पंधरा दिवसांतून एकदा, खिडकीशी दिवसाच्या उजेडात, मांडीवर पांढरा टॉवेल पसरून बसा. बोटभर बट घ्या, हलकीच पिळा. फाटलेली टोकं पिळातून बाहेर उभी राहतात. फाट्याच्या वर अर्धा ते एक सेंमी कापा. फाट्यावरच कापलं तर तो पुढे चढत राहतो. पांढरा ठिपका दिसला तर ठिपक्याच्या वर कापा, कारण तिथे केस आधीच मोडलेला असतो. अर्धा तास झाला की थांबा. डोळे थकले की माणूस चांगलेही केस कापत सुटतो.

टोकांना जपणं हे आकाराइतकंच महत्त्वाचं आहे. कमरेपर्यंतचं टोक पाच-सहा वर्षं जुनं असतं. तेवढी वर्षं ते धुतलं, विंचरलं, घासलं गेलेलं असतं. ते कुठे घासतं ते पाहा: परकराची गाठ, खुर्चीची पाठ, पर्सचा पट्टा, स्कूटरवरचा वारा. बाळ वेणी ओढत असेल तर घरात अंबाडाच बरा. वेणीचं रबर अगदी शेवटच्या दोन सेंमीवर बांधू नका, ६-७ सेंमी वर बांधा आणि रोज थोडी जागा बदला. रोज त्याच जागी रबर बसलं की केस तिथेच तुटतात. धुण्याआधी टोकांना खोबरेल लावायची आपली जुनी रीत उपयोगाची आहे. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेलाने केसांतून निघून जाणारं प्रथिन कमी झालेलं दिसलं, सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने ते झालं नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही लक्षात असू द्या. तेल आधी लावायचं, शांपू टाळूला, टोकांना नुसता फेस.

'वाढतच नाहीत' असं मध्येच वाटेल. तेव्हा मुळाशी बघा. मेंदी किंवा रंग लावत असाल तर महिन्याने मुळाशी नवा पट्टा दिसतो; तो सेंटिमीटरभर असेल तर केस वाढत आहेत आणि खाली तुटत आहेत. रंग लावत नसाल तर दर तीन महिन्यांनी कपाळाच्या केसरेषेपासून, डोक्यावरून, मागच्या टोकापर्यंत टेपने मोजा. दर वेळी केस वाळलेले आणि भांग तोच असावा.

वर्षानंतर, यू जमला की पद्धत बदला. दर चार महिन्यांनी फक्त १ सेंमी, आणि आता संपूर्ण कडेवरून सारखा. केस सगळीकडे साधारण सारखेच वाढत असल्याने ६ सेंमीचा फरक तसाच टिकतो आणि वर्षाला १२ सेंमी हाती लागतात. कमरेपासून मांडीच्या मध्यापर्यंत ३५ ते ४० सेंमी धरले तर तीन-साडेतीन वर्षं लागतील. प्रत्येक केसाला वाढायला मुदत असते, साधारण दोन ते सात वर्षं. ज्यांची मुदत मोठी तेच केस मांडीपर्यंत पोचतात. त्यामुळे जसजशी लांबी वाढेल तसतशी खालची कड पुन्हा विरळ होईल. तेव्हा दोऱ्याचं माप पुन्हा घ्या. पाव केसांची खूण जिथे थांबते, तिथेच एखादं वर्ष कड धरून ठेवा, म्हणजे मागून येणारे केस, त्यात बाळंतपणानंतर आलेलेही, तिला गाठतील.

बाळंतपणानंतरची गळती बाळ वर्षाचं होईपर्यंत आपणहून आटोक्यात येते, तशी तुमची आली आहे. पण मधल्या भांगाची रेषा रुंद होत असेल, टाळू दिसत असेल किंवा गळती पुन्हा सुरू झाली तर कात्री बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी ते सांगतील. अंगावर पाजत असाल तर मिनॉक्सिडिलसारखं केस वाढवण्याचं औषध दुकानातून परस्पर आणू नका. डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताप किंवा ऑपरेशन झालं तर दोन-तीन महिन्यांनी अशीच गळती येऊ शकते. ती आली तर चालू वेळापत्रकातली एक खेप पुढे ढकला.

लग्नाच्या दिवशी वेणीला भर हवाच असेल तर हलकं गंगावन खालच्या अर्ध्या भागात गुंफा. मुळापासून गुंफलं तर त्याचा भार नव्या, आखूड केसांवर येतो. गजरा वेणीच्या वरच्या भागात, पिना दोन्ही बाजूंनी आडव्या लावून बसवा. रात्री काढताना दोरा कापून काढा, ओढू नका.